मुस्तिक गाईकरिता चिखलाशी जाहले युद्ध

एस्तोनिया देशी कुरेसो म्हणोन गाव. तेथे मार्चअखेरीस चिखलाशी तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे काही घातले नाही. कागदास डाग आहेत ते मात्र रणांगणीचे.

त्या साली हिमराजांनी मुलूख बहुत दिवस दाबोन ठेविला होता. मग दक्षिणेचा वारा सुटला, आणि हिमराज तख्त सोडोन पळाले, आणि जाताना सारा खजिना पाणी करोन रस्त्यावर ओतोन गेले. मग चिखलखानाचा अंमल बसला. त्याने गाड्या गिळल्या, बूट जप्त केले, आणि टपालवाला वेशीवरोनच मुजरा करोन परतो लागला. रयतेने कचेरीस अर्ज केले. कचेरीने बहुत खलबत करोन कुमक रवाना केली, ती ऐसी की एक पाटी: ‘रस्ता मऊ आहे.’

गल्लीच्या शेवटी हेल्वेबाई, वयोवृद्ध विधवा, मुस्तिक नामे एका काळ्या गाईच्या धनीण. गल्लीच्या तोंडाशी राजश्री आर्वेद, ट्रॅक्टरबहाद्दर. यांनी, बटाट्यांच्या तळघरात पाणी शिरते म्हणोन, दोघांचा सामाईक चर मातीने बुजविला होता आणि सारे पाणी बाईंच्या वाटेवर सोडिले होते. बाईंनी जाब पुसता उत्तर आले, “पाणी उताराला जातं बाई, त्यात माझा काय गुन्हा?” तेव्हापासोन बाईंनी बोलणे टाकिले. परंतु बाईंच्या कोंबड्यांस वैराची खबर नव्हती, त्या आर्वेदांच्या अंगणी जातच राहिल्या. मग आर्वेदांनी नव्या फळ्यांचे कुंपण घातले, त्यास पांढरा रंग दिधला, आणि रविवारी त्यावर कोपर टेकोन किल्लेदाराच्या रुबाबात उभे राहो लागले.

ऐसे असता एके सकाळी मुस्तिकेस वेणा लागल्या. वासराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. बाईंनी शर्थ केली, परंतु हातांत बळ उरले नाही. मग गुरांच्या डॉक्टर पिरेत यांस सांगावा गेला, आणि त्यांची स्वारी तातडीने निघाली, आणि आर्वेदांच्या दारासमोरच गाडी पोटापर्यंत रुतली. डॉक्टरीण अवजारांची पेटी डोकीवर घेऊन उतरल्या, तो दुसऱ्या पावली बूट गेला आणि तिसऱ्या पावली मांडीपर्यंत पाय गेला.

“हेल्वेमावशी, तिला बसू देऊ नका! मी येतेच!” ऐसे ओरडल्या, परंतु येणार कैशा?

आर्वेद खिडकीत कॉफी पीत होते. आता आपली तलवार गाजवावी ऐसे मनी आणोन त्यांनी ट्रॅक्टर बाहेर काढिला, भोंगा वाजविला, आणि फर्माविले, “बाजूला व्हा डॉक्टरबाई! ह्याच्यापुढं चिखल म्हणजे लोणी!”

मग ट्रॅक्टर चालोन गेला, आणि त्याच लोण्यात आसापर्यंत बुडाला, आणि चाके गरगरोन डॉक्टरीणबाई नखशिखांत माखल्या.

“लोणी ताजं आहे हो काका,” त्या डोळे पुसत म्हणाल्या.

इतक्यात बाई गोठ्याच्या दारी आल्या. बाह्या रक्ताने भरलेल्या, चेहरा पांढराफटक. यजमान गेल्यावर त्या घरी बोलायास ती गाय तेवढी उरली होती.

“आर्वेद! माझ्यावर हवा तेवढा डूख धर रे. पण ती मरतेय आत.”

आर्वेद ट्रॅक्टरावरोन खाली उतरले. त्यांनी एकवार कुंपणाकडे पाहिले. मग पहार घेतली, आणि खिळे करकरत एकेक पांढरी फळी उपटोन चिखलावर टाकीत चालिले. फळ्या सरल्या, तेव्हा तळघराचे दार बिजागऱ्यांसकट उखडोन आणिले. ऐसा पूल जाहला, आणि त्यावरोन डॉक्टरीण धावल्या, आणि पेटी वाहात मागोमाग किल्लेदार.

गोठ्यात डॉक्टरिणीने खांद्यापर्यंत हात घालोन दुमडला पाय सरळ केला. मग दोरी बांधली. दोरीस एकापाठी एक बाई आणि आर्वेद.

“थांबा... थांबा... आता ओढा! काका, जोर लावा, बटाटे नाहीत ते!”

मग जे ओढणे जाहले, त्यात उभयता शेणात उताणी पडली आणि कालवड त्यांचे अंगावर. कालवडीस श्वास नव्हता. डॉक्टरिणीने नाकपुडीत काडी घातली, आर्वेदांनी आपली लोकरी टोपी काढोन तिचे अंग चोळचोळ चोळिले, आणि कालवड शिंकली. बाई रडल्या. आर्वेद आढ्याकडे पाहोन म्हणाले, “गवताची धूळ फार आहे इथं.”

मग तहाची बोलणी जाहली. “कॉफी घे. पण बूट बाहेर काढ,” इतकेच बाईंचे कलम होते. आर्वेदांनी ते मान्य केले, आणि त्याच दुपारी स्वहस्ते चर मोकळा केला, आणि संध्याकाळी त्यांचे बटाटे तळघरात पोहो लागले.

ऐसी फत्ते जाहली. चिखलखान हटला नाही. ट्रॅक्टर रस्ता सुकेतोवर त्याचे कैदेत राहिला, आणि कचेरीची पाटीही मानेपर्यंत बुडाली. विजयाची यादगार म्हणोन बाईंनी कालवडीचे नाव पोरी ठेविले. त्या मुलुखी पोरी म्हणजे चिखल. आता रोज सांजवेळी बाई अंगणी येऊन “पोरी, ए पोरी!” ऐसी हाक मारितात, आणि पलीकडे राजश्री आर्वेद चपापोन आपले बूट पाहातात. येणेप्रमाणे जय नोंदिला असे.