बशीरचाच्याची फरशी

बशीरचाचा टाऊन हॉलच्या आवारात कोनालेबी भेटला, का रामराम-सलाम मागून. पहिले तो मान्साचा हात धरे आन हॉलच्या भिंतीवर चिपकवे.

"छूके देख. मे महिन्यात बी ठंडी. हाय का तुह्या घरची अशी?"

साहेब असो का भाजीवाली, सुटका नव्हती. माह्या हाताले एकदा भज्याचं तेल होतं. चाचानं पहिले माहा हात आपल्या लुंगीले पुसला, मंग भिंतीले लावला. लुंगी खराब झाली तं चालते, भिंत नाही.

मी गजू, माईकवाला. चौथीत तीन वर्स होतो, म्हनून चौथी मले एकदम पाठ हाय. पाचवीचं काही इचारू नका. हॉलात कार्यक्रम असला का माईक आन भोंगे माहे. गावात सगळ्यात मोठा आवाज माहा, असं मले वाटे. बायकोलेबी तसंच वाटे, पन तिची ते तक्रार होती.

चाचा म्हंजे जुना मिस्त्री, चुन्याच्या कामातला. त्याचा नाना, म्हंजे आईचा बाप, हा हॉल बांधनाऱ्यायमंधी होता. इंग्रजाच्या काळात आमच्या भागातल्या कापसाले भाव होता, तवा जिनिंगवाल्या शेठलोकायनं मिळून हॉल बांधला. चाचा असा सांगे का जसा तो स्वताच तवा घमेलं घेऊन उभा होता.

"चुना बैलाच्या घान्यात दळला. गूळ टाकला, बेलफळाचं पानी टाकलं. छपराले पेलनारी सागवानाची कैची वर चढवली. आन खिडक्या इतक्या वर काहून? गरम हवा वरून निंघून गेली पायजे, भाषन खाली राह्यलं पायजे."

मी म्हनो, "चाचा, भाषनबी निंघून गेलं असतं तं लोकायचं भलं झालं असतं."

कोनी हासे नाही. मी इतका चांगला इनोद करो, आन लोक मान वर करून चाचाच्या कैचीकडे पाहत राहे! मले लय जलन होये.

पन सगळ्यात जास्त जलन एका फरशीची. स्टेजच्या समोर, खाली मधोमध, एक काळी फरशी हाय. चाचा म्हने, तिच्याखाली नानानं सात रांजन उलटे पुरून ठेवले. तिथं उभं राहून बोललं का आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते, माईक लागत नाही.

हे त्यानं माह्यासमोर म्हनलं. माईकवाल्यासमोर!

"रांजनात लोनचं बी असन मंग," मी म्हनलं.

तं एक दिवस त्यानं माह्या बायकोलेच त्या फरशीवर उभं केलं. घरी येऊन म्हनते, "किती गोड आवाज हाय वो माहा! इतक्या वर्सात तुमी कदी सांगतलं नाही."

त्या दिवसापासून मी सगळ्यात मोठा भोंग्याचा डब्बा बरोबर त्या फरशीवरच ठेवाले लागलो. चाचा इचारे, "इथंच काहून बे?" मी म्हनो, "टेक्निकल हाय." टेक्निकल म्हंजे काय ते मलेबी ठाऊक नव्हतं, म्हनून कोनी पुढं इचारे नाही.

कापसाचे ते लय वाईट वर्स होते. गावोगावचे कर्ते मानसं आपल्या हातानं जीव देऊन राह्यलते. त्यायच्या बायकायले शिलाई मशीन वाटाचा कार्यक्रम हॉलात ठेवला. यवतमाळहून साहेब आले, फोटोवाले आले. साहेब म्हने, यातल्या एका ताईनं दोन शब्द बोलावं. कळंबकडची एक बाई उठली. मी माईक तिच्या तोंडाजवळ नेला, आन लाईट गेली.

त्या वर्सात लाईट जाते हे शेंबड्या पोरालेबी ठाऊक होतं. म्हनून मी बॅटरी ठेवो. पन आदल्या दिवशी मी त्याच बॅटरीवर घरी क्रिकेट पाह्यलं. आपली टीम हारली, मागोमाग बॅटरी.

हॉलात गलका झाला. फोटोवाले त्या बाईच्या तोंडावर वाकले. तिनं पदर तोंडावर घेतला. चाचा उठला. त्यानं मले सगळ्यायसमोर शिवी द्याले पायजे होती, देल्ली नाही. हळूच म्हने, "गजू बेटा, डब्बा उचल."

मी उचलला. रोजच्यापेक्षा लय जड लागला.

चाचानं बाईले फरशीवर आनलं. फोटोवाल्यायले म्हने, "तुमी मागं जा. तिकडूनच चांगलं आयकू येते." आन ते गेले बी! मंग तिले म्हने, "बोल बेटी. शेजारनीसंग बोलतं तसं."

ती तशीच बोलली, शेजारनीले विरजन मागावं तशी. "मशीन देल्ली, चांगलं केलं. पन मले शिवता येत नाही. आमच्यातल्या कोनालेच येत नाही. कोनी इचारलंच नाही. शिकवनारं बी द्या."

"बरोबर हाय!" शेवटच्या रांगेतून कोनीतरी वरडलं. साहेबानं खिशातून पेन काढला आन लिवून घेतलं. माह्या माईकवर मोठमोठे लोक दोन-दोन घंटे बोलून गेले, पन कोनी पेन काढल्याचं मले आठवत नाही.

सगळे गेल्यावर मी वायर गुंडाळून राह्यलतो. जलन होतीच, आता तिच्या डोक्यावर शरम येऊन बसली होती. चाचा पार मागच्या खुर्चीवर एकटाच बसला होता.

"उभा राय," म्हने.

"कुठं?"

"पत्थर पे."

"मी कायले? तुमीच राहा नं. साऱ्या गावाले उभं केलं, तुमी स्वता कदी बोलले नाही."

"मैं बोलूं तो पीछे कौन बैठेगा?" म्हने. "तुही चाची गेली, तीन वर्स झाले. पोरगा हैदराबादले. घरी नुसत्या भिंती, त्याबी सिमेंटच्या."

मी उभा राह्यलो. हातात माईक नाही, तं रिकामी मूठच तोंडाजवळ धरली. शेवटी सांगतलं, का सकाळी बायकोनं पोह्यात दोनदा मीठ टाकलं, मी बोललो तं तिनं प्लेटच उचलली, आन मी उपाशी आलो.

मागून आवाज आला, "फिर?"

मंग चौकातल्या हॉटेलात उधार मागाले गेलतो, तिथं सासरा बसून होता, ते सांगतलं.

"फिर?"

म्हनलं, पाहू तं खरं, या रांजनायत किती दम हाय. आवाज कमी केला. आनखी कमी केला. शेवटी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, का चाचा, डब्बा मी मुद्दाम ठेवत होतो.

मागं खुर्ची करकरली.

मंग आवाज आला, "फिर?"