कंडिशनरची अकरावी खेप

केस हा माणसाच्या देहाचा मेलेला भाग आहे, असे शास्त्र सांगते. जे भाग जिवंत आहेत, म्हणजे हृदय, यकृत, गुडघे वगैरे, त्यांच्याकडे माणूस ते बंद पडेपर्यंत पाहत नाही. मेलेल्या भागाची सेवा मात्र तो रोज सकाळी न चुकता करतो. मेलेल्यांविषयी एवढी निष्ठा आमच्या गावच्या दफनभूमीतही आढळत नाही.

आमच्या बेटावरच्या बानी गावात मी एक्क्याऐंशी वर्षे राहते आहे आणि एवढ्या अवधीत माझ्या डोक्यावरून चार राजवटी गेल्या. पहिली आईच्या एरंडेलाची. दुसरी निखाऱ्यांवर तापवलेल्या लोखंडी फणीची. शनिवारी दुपारी गल्लीभर केस जळल्याचा वास सुटला, की उद्या चर्चला जायचे आहे हे कॅलेंडर न पाहता कळत असे. (तो वास मला अजून आवडतो. डाव्या कानाच्या पाळीवर त्याची पावती आहे.) तिसरी राजवट डब्यातल्या औषधाची, त्याने केस सरळ होत, आणि उरलेले ओतले तर तुंबलेली मोरीही मोकळी होई. चौथी राजवट नैसर्गिक आहे. हीत केस जसे आहेत तसेच ठेवायचे असतात. केस जसे आहेत तसे दिसायला साधारण सहा तास लागतात.

ही चौथी राजवट आमच्या गल्लीत युदेल्काने आणली. युदेल्का ही कोपऱ्यावरच्या चांभाराची मुलगी. अकरा वर्षे न्यूयॉर्कला राहून ती परत आली तेव्हा तिच्याजवळ तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र होते (प्लास्टिकच्या आवरणात, त्यामुळे त्याविषयी शंका घेणे कठीण) आणि छोट्या गडद बाटल्यांचा एक खोका होता. त्या बाटल्यांत फुलापानांच्या अर्काची तेले होती: रोजमेरी, दालचिनी, लवंग आणि एक असे, की ज्याचे नाव सांगताना ती डोळे मिटत असे. गल्लीच्या सभेत तिने दुकानातल्या कंडिशनरची बाटली उभी केली आणि तिच्यावर छापलेले घटक मोठ्याने वाचायला घेतले. घटक तेवीस होते. विसाव्याला डॉन पेर्सिओ (आमच्याकडे वडीलधाऱ्यांना आदराने डॉन आणि डोन्या म्हणतात) झोपले. सभेने हा धोक्याचा पुरावा मानला आणि 'नैसर्गिक केससंवर्धन समिती' एकमताने स्थापन झाली. गल्लीतल्या सत्तावीस घरांतून एकतीस बायका सभासद झाल्या. माझे अक्षर चांगले आणि घरात कोरी वही होती, म्हणून मी सचिव झाले.

समितीचा नियम पहिला असा: जे जिभेला चालत नाही, ते डोक्याला चालवू नये. दुसरा नियम करण्याची कधी गरज पडली नाही.

नियमाच्या अंमलबजावणीसाठी चाखणी अधिकारी नेमणे आले. या पदावर डॉन पेर्सिओ यांची निवड झाली. ते निवृत्त पोस्टमास्तर असून त्यांना संपूर्ण टक्कल आहे, त्यामुळे या विषयात त्यांचा कोणताही हितसंबंध नव्हता. (एवढी स्वच्छ नेमणूक मी सरकारातही पाहिलेली नाही.)

पहिली खेप अवोकाडोची झाली. केस मऊ झाले. फक्त नऊ दिवस गल्लीत कुणाच्याही ताटात भाताबरोबर अवोकाडो नव्हता. नवरे कुरकुरले. ती कुरकुर 'इतर विषय' या सदरात नोंदवली. दुसरी खेप अंड्यांची. एका सभासदाने डोके गरम पाण्याने धुतल्यामुळे अंडे डोक्यावरच शिजले. (आपले नाव नोंदवू नये अशी विनंती सभासदाने केली, ती मंजूर झाली. सभासद युदेल्काची आई होती.) तिसरी केळ्यांची. तिच्याविषयी न लिहिलेले बरे, कारण इस्टरपर्यंत काहींच्या केसांत तिचे अवशेष होते.

त्यानंतर समितीने शास्त्रीय मार्ग धरला. केस म्हणजे प्रथिन, असे युदेल्काने फळ्यावर लिहिले. प्रथिन हवे आणि अंडे नको, म्हणून चौथ्या खेपेत लाल राजमा आला: शिजवून, घोटून, गाळून. राजमा केसांवर कोरडा पडतो, म्हणून पाचव्या खेपेत चमक येण्यासाठी नारळाचे दूध. ते पातळ झाले, म्हणून सहाव्यात दाटपणासाठी रताळे. साखर ओलावा धरून ठेवते असे अभ्यासक्रमात शिकवले होते, म्हणून सातव्यात साखर. (मुंग्या याच खेपेपासून येऊ लागल्या. इतर विषय.) आठव्यात मऊपणासाठी डब्याचे दूध. नवव्यात मुळांना चेतना यावी म्हणून गडद बाटल्यांतले दालचिनीचे दहा थेंब आणि लवंगेचे पंधरा. दहाव्या खेपेत लोहासाठी मनुका घालाव्यात अशी सूचना आली, पण मनुका कुरळ्या केसांतून परत निघत नाहीत या मुद्द्यावर ती चौदा विरुद्ध सतरा मतांनी फेटाळली गेली.

सभेत मी ही अंतिम कृती मोठ्याने वाचून दाखवली. राजमा, नारळाचे दूध, रताळे, साखर, डब्याचे दूध, दालचिनी, लवंग. दिवस इस्टरपूर्वीच्या चाळीस उपासांचे होते. त्या खोलीतल्या एकतीसही बायकांनी लहानपणी आईच्या मांडीला टेकून हीच कढई ढवळली होती, कारण या दिवसांत आमच्या देशात घरोघर राजम्याची गोड खीर होते आणि ती याच सात वस्तूंची होते. मी वाचून संपवले आणि वर पाहिले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने विचारले की कुठल्याही परदेशी कंपनीला हे कसे सुचले नसेल. मी प्रश्न वहीत उतरवला. सचिवाचे काम नोंद करणे आहे, मत देणे नव्हे.

आता कासिल्दाविषयी. ती माझ्या शेजारी राहते. तिच्या थोरल्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून गेली चोपन्न वर्षे आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, भांडतानासुद्धा. तिच्या हातची खीर ही गल्लीतली संस्था होती. गुड फ्रायडेला प्रत्येक घरी तिचा एक डबा जाई, वरती क्रूस उमटवलेली छोटी गोल बिस्किटे तरंगत असत, आणि दुपारपर्यंत डबे परत येत: धुतलेले, आणि आणखी मागत. माणसे दारात उभी राहून पहिला चमचा घेत आणि काहीतरी बोलत. माझे दिवंगत यजमान तर माझ्यासमोर बोलत, हे मी विसरलेले नाही.

गेल्या वर्षी डबे धुऊन परत आले, पण आणखी कुणी मागितले नाही. कासिल्दाच्या हातून साखरेच्या जागी मीठ पडले होते. कुणी काही म्हणाले नाही. आमची गल्ली सभ्य आहे. गल्लीने खीर मुकाट्याने संपवली आणि दिवसभर पाणी प्यायली. कासिल्दाला ते दुःख वर्षभर पुरले. बॉस्टनहून तिच्या मुलीने तिकीट पाठवले होते, यंदाच्या इस्टरनंतरच्या सोमवारचे, आणि त्यावर परतीची तारीख नव्हती.

गुड फ्रायडेआधीच्या बुधवारी नारळ खवताना तिने मला निर्णय कळवला, नगरपालिकेच्या नोटिशीसारखा.

"कोमाद्रे, या वर्षी कुणी दुसरा डबा मागितला तर राहीन. नाही मागितला तर कढई तुझी, आणि मी चालले बर्फात."

"बर्फात तू करणार काय?"

"जावयाला बघत बसेन. तोही गोराच आहे."

मी हसले नाही. चोपन्न वर्षांनी शेजारचे दार बंद दिसले तर सकाळची कॉफी कुणाला कडू झाली म्हणून सांगायचे, याचा मी विचार करत होते.

मोठ्या कढया मावतील अशा दोन चुली फक्त माझ्या अंगणात आहेत. त्यामुळे गुरुवारी डाव्या चुलीवर कासिल्दाची खीर आणि उजव्या चुलीवर समितीची अकरावी खेप, अशी एकाच वेळी शिजली. दोन्हींचा रंग एक. दोन्हींना बुडबुडे एकसारखे. डबेही एकसारखेच, मार्गारिनचे आणि आइस्क्रीमचे, वर्षभर जमवलेले. घरटी एक खिरीचा, एक केसांचा. दुपारी कासिल्दा चर्चला गेली, सभासद आपापल्या घरी गेल्या, आणि दोन्ही कढया निवेपर्यंत त्यांच्यापाशी मी एकटी उरले.

डावीकडची चाखली. खारट होती. अर्धी साखर आणि अर्धे मीठ असावे.

मग उजवीकडची चाखली. चाखणी अधिकारी दाढदुखीने घरी पडून होते, त्यामुळे ते काम नियमाप्रमाणे माझ्याकडे आले. उत्तम होती. लवंगेचे तेल थोडे पुढे होते, एवढेच.

लेबले माझ्याकडे होती. बिस्किटांचा पुडाही माझ्याचकडे होता.

माझ्या वर्तनात काही नियमबाह्य आढळले तर वाचकांनी नियम पहिला पुन्हा वाचावा.

शुक्रवारी सकाळी डबे घरोघर गेले. कासिल्दा ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसली, पण खुर्ची हलत नव्हती. समोरच्या दारात युदेल्काची आई आली, तिने पहिला चमचा घेतला, आणि काहीच बोलली नाही. तिची शेजारीण काहीच बोलली नाही. खालच्या घरातला नवरा, जो एरवी रेडिओशीसुद्धा भांडतो, तो तोंड थोडे उघडे ठेवून आकाशाकडे पाहत उभा राहिला. लवंगेच्या अर्काने जीभ बधिर होते, ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या तीन आठवड्यांत बसली नसावी. गल्लीत अशी शांतता मी एकदाच ऐकली होती, मोठ्या वादळाच्या आधी.

"कुणी बोलत का नाहीये?" कासिल्दाने मला विचारले.

"शब्द फुटत नाहीयेत त्यांना," मी म्हणाले. हे खरे होते.

तेवढ्यात डॉन पेर्सिओ आले. फेब्रुवारीपासून त्यांची दाढ ठणकत होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांनी एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने रिकामा डबा पुढे केला. आमच्या गल्लीत साठीच्या पुढची माणसे एकेचाळीस आहेत. त्यांचे दात मिळून दोनशे सहा, आणि त्यांतले निम्मे दुखरे. दुपारपर्यंत एकोणीस घरांतून डबे परत आले. डॉन पेर्सिओंचा तिसऱ्यांदा आला. ते सगळे मीच भरून दिले.

खुर्ची हलू लागली.

शनिवारी सभासदांनी अकरावी खेप केसांना लावली, म्हणजे त्यांच्या लेबलावर तसे लिहिले होते. रविवारी चर्चमध्ये एकतीस डोकी अशी दिसत होती, जणू सगळ्याजणी समुद्रात मनसोक्त न्हाऊन वाऱ्यावर वाळल्या आहेत. बट अन् बट सुटी, चमक वेगळी, आणि एकही मुंगी नाही. मागच्या बाकावर बसलेल्यांना वेदी दिसली नाही, पण तक्रार कुणी केली नाही. प्रवचन संपताच युदेल्काने मला गाठले.

"डोन्या मेलिदा, या खेपेत वेगळं काय पडलं होतं? वहीत बघा ना."

मी वही उघडली, चष्मा लावला, आणि दोन पाने मन लावून वाचली.

"काहीच नाही गं. घोटलं कुणी?"

"मीच."

"मग हातालाच गुण आहे तुझ्या."

तिने ते मान्य केले. प्रमाणपत्राशेजारी लावायला आता तेही आहे.

सोमवारी विमान कासिल्दाशिवाय गेले. ती सकाळी नेहमीच्या वेळी माझ्याकडे कॉफीला आली, कप हातात घेतला, फुंकर घातली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी लवंगेचं तेल जरा बेतानं घाल. माझी जीभ अजून जाग्यावर आलेली नाही."

मी साखर ढवळत राहिले. माझ्या कपात साखर नसते.

"आणि माझी खीर कुठे गेली?" तिने विचारले.

"डोक्यांवर."

"किती?"

"एकतीस."

तिने गल्लीकडे पाहिले. समोरून युदेल्काची आई चालली होती, आणि तिचे केस तिच्यापेक्षा अर्धे पाऊल पुढे चालले होते.

"मऊ झालेत," कासिल्दा म्हणाली. "म्हणजे घोटली मी नीटच होती."

समितीचे काम उत्तम चालले आहे. बाराव्या खेपेला अकरावीची सर आली नाही, तेराव्यालाही नाही. संशोधन चालू आहे. मी अजून सचिव आहे. कृती मात्र लोकांच्या उपयोगासाठी खाली देत आहे: लाल राजमा दोन वाट्या, शिजवून, घोटून, गाळून. नारळाचे दूध चार वाट्या. रताळे एक मोठे. डब्याचे दूध एक डबा. साखर एक वाटी. उरलेले, मीठ असो की थेंब, अंदाजाने.

ही डाव्या कढईची कृती की उजव्या, हे मी मुद्दामच लिहिलेले नाही, आणि तुम्हीही ते विचारलेले नाही. कासिल्दाचे पुढे काय झाले, हेही विचारलेले नाही. तुम्ही फक्त पेन शोधलेत. वापरण्यापूर्वी आधी चाखून पाहा, असे सांगणार होते. पण एव्हाना तुम्ही वाटी घेऊन आरशापुढे उभे असाल.