लांजेवार सरांचा लाल दोरा

आमच्या शेजारच्या लांजेवार सरांच्या हाती लग्नाचा अल्बम कधी देऊ नये. मी दिला होता.

सरांनी खिशातून लाल दोरा काढला, एक टोक माझ्या नवऱ्याच्या डोळ्यावर धरलं आणि नजरेच्या दिशेनं ताणला. दोरा माझ्या नथीला वळसा घालून थेट जिलबीच्या परातीवर! "पाहून घे वं! अन् तुले वाटून राहिलं, तो तुह्याकडं पाहते!"

थट्टा नाही, हे त्यांचं शास्त्र आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या चित्रांत पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम त्यांनी असंच शोधलं. आधी दोरा, मग जुनी पत्रं, कोर्टाचे कागद. त्यासाठी नागपुरात बसून इटालियन शिकले. बोलायला कोणी नाही, म्हणून भाजीवालीशी बोलतात. ती "हो बाबूजी" म्हणत मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, जास्त टाकते.

विद्यार्थ्यानं नुसता अंदाज केला की सर कडाडत, "पुराव्याशिवाय प्रेम म्हणायचं नाही!"

एकदा भर व्याख्यानात कोणीतरी ओरडलं, "सर, हे काहून उकरून राहिले तुम्ही?"

सर शांतपणे म्हणाले, "तुह्या आजाचं आजीवर प्रेम होतं, त्याचा पुरावा कोणी मागते का? या चित्रातल्या पुरुषायले मागतात. म्हणून मी देतो." मी एकटीनं टाळ्या वाजवल्या, त्याही उभं राहून.

यंदा त्यांचं पुस्तक छापायला गेलं. सगळं तयार, फक्त अर्पणपत्रिका कोरी. प्रकाशकाचे रोज फोन. एका दुपारी सर कॉलेजचा ग्रुप फोटो घेऊन आले. दोरा माझ्या हातात दिला.

"तू पाह्य वं. दुसऱ्याचं बेधडक सांगतो. इथं हिंमत होत नाही."

रांगेत सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते. तरुण लांजेवार मात्र शेजारच्या मुलाकडं.

"वसंता. उमरेडचा, विणकराच्या घरचा. दोरा त्याच्याच मागावरचा. गेला तो, पोरंबाळं मागं ठेवून. मी कधी विचारलंच नाही."

ऐन क्षणी वसंताची मान वळली होती, डोळे पुसट. मी दोरा ताणला.

"सर, तुमच्याकडंच."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चेहरा हललेला आहे. मान माशीनंही वळते."

मी दोरा गुंडाळायला गेले, तर सरांनी माझा हात धरला. "राहू दे थोडा वेळ."

पुस्तक आलंय. अर्पणपत्रिकेवर एकच शब्द आहे : 'वसंताले'.

त्याला तळटीप आहे : 'पुरावा कच्चा.'