हिरवं द्रावण आणि अण्णांचं कपाट

पाण्याची टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं सर्किट बाजारात तयार मिळतं. मी ते घरी करायचं ठरवलं. (कारकुनाला रविवारी शास्त्रज्ञ होण्याचा झटका येतो. त्यावर औषध नाही.)

कारण माझे सासरे. अण्णा कारखान्यात चाळीस वर्षं टर्नर होते. माझी बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. ती असताना आमचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. आता अण्णा मला थेट सांगतात, की तुम्हाला खिळासुद्धा ठोकता येत नाही. एकदा त्यांनी ‘वा’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

सर्किटसाठी तांब्याचा थर दिलेल्या पाटीवर मार्करने रेघा काढायच्या आणि रेघांखालचं सोडून बाकीचं तांबं द्रावणात विरघळवायचं. अ‍ॅसिडात पेरॉक्साइड मिसळलं, तांब्याच्या तारेचे तुकडे टाकले आणि हिरवंगार द्रावण तयार झालं. ते थकलं की काळपट पडतं. मग माशांच्या टाकीच्या पंपाने त्यात हवा सोडायची. मी सकाळ-संध्याकाळ त्याची तब्येत बघू लागलो.

“स्वतःचं बीपी कधी इतक्यांदा बघितलंत का?” अण्णांनी विचारलं.

पुढे अण्णा पंधरा दिवस आपल्या मुलाकडे गेले. द्रावणाची बाटली फुगून फुटू नये म्हणून मी झाकणाला भोक पाडलं (सुरक्षितता आधी!) आणि कामवाल्या मावशींचा हात लागू नये म्हणून ती अण्णांच्या हत्यारांच्या कपाटात ठेवली. त्या कपाटाच्या वाटेला कुणी जात नाही.

अण्णा परतले तेव्हा पाटी तयार होती. त्यांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली.

“वा! जमलं की हो. थांबा, भोकं पाडायला बारीक ड्रिल देतो.”

मी हवेत असतानाच त्यांनी कपाट उघडलं. कानशी, पाने, चाळीस वर्षं तेल लावून जपलेला व्हर्निअर, सगळं एकजात तांबूस. नुसता गंज.

“अण्णा, ती अ‍ॅसिडची वाफ... झाकणाला भोक...”

“तुम्ही पाडलंत?”

“हो.”

अण्णांनी झाकण उजेडात धरलं. “सरळ पडलंय,” ते म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसून गंज घासतो. काल शेजारी आले. म्हणाले, “तुमची मोटर आपोआप बंद होते म्हणे. आम्हालाही करून द्याल का?”

मी विनयाने हसलो. अण्णांनी हातातल्या कानशीवरून नजरही उचलली नाही.

“देतील की. तेवढं घरातलं लोखंड आधी दुसरीकडे हलवा.”