विहंगचा 'ऑन'

आमच्या विहंगला एकच शब्द येतो, पण तो इंग्रजी आहे!

गेल्या महिन्यापर्यंत हे वाक्य मी कुणालाही, कुठेही, कुणी विचारलेलं नसतानाही ऐकवत होते. तो शब्द म्हणजे 'ऑन'. त्याचा उगम आमच्या हॉलमधल्या कूलरात. नागपुरात जन्मलेल्या बाळाला आधी आईचा चेहरा ओळखू येतो की कूलरचा, हे सांगणं कठीणच! मागच्या मे महिन्यात रजतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बटण दाबून "ऑन!" म्हटलं, गार वाऱ्याचा झोत आला, आणि दीड वर्षाच्या विहंगला साक्षात्कार झाला की हा शब्द म्हटला की जग सुधारतं. त्यानंतर त्यानं दुसऱ्या शब्दाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

माझं एम.ए. इंग्रजीत झालंय. भाषेच्या पेपरात मला सत्तर मार्क होते. (कुणी विचारलं नाही, तरी सांगते.) मी आमची उशीएवढी जाड डिक्शनरी काढली. 'ऑन'ला दीड पान! टेबलावर ठेवलं तरी ऑन, अंगात घातलं तरी ऑन, पुढे चालत राहा म्हणजे ऑन, सोमवारी या म्हणजे ऑन, कामावर हजर असलात तरी ऑन. बिचाऱ्या दोन अक्षरांवर केवढा तो भार! पण विहंगनं डिक्शनरीलाही मागे टाकलं होतं. हात वर करून 'ऑन' म्हणजे मला कडेवर घ्या. लांबवलेला 'ऑऽऽन' म्हणजे कूलर. दाराकडे पळत 'ऑन-ऑन' म्हणजे बाबांच्या गाडीवर चक्कर. नाकातून निघालेला 'ऑन' म्हणजे शेंबूड पुसा. फुटलेल्या कपाशेजारी उभं राहून केलेला 'ऑन!' म्हणजे मी नाही फोडला. आणि कोपऱ्यात उकिडवं बसून, न्यायाधीशासारख्या गंभीर चेहऱ्यानं म्हटलेला 'ऑन' म्हणजे... आता पळा, उशीर झालाय!

असे एकूण सत्तावीस अर्थ मी चार रंगांच्या पेनांनी लिहिले आणि तो तक्ता फ्रिजवर चिकटवला. घरातल्या सगळ्यांनी पाठ करायचा, अशी माझी सक्त ताकीद. रजतची मी तोंडी परीक्षा घेतली. तो सतराव्या अर्थावर अडकला.

"यार मोनाली, मी बुटीबोरीहून आठ तास मशिनी सांभाळून आलो. आधी चहा तर दे!"

"आधी सतरावा!"

सासूबाईंची गत त्याहून वाईट. जयवंताबाई मूळच्या भिवापूरच्या. बोलणंही तिथल्या मिरचीसारखंच, आधी झणका आणि मग चव. त्यांनी तक्त्याकडे पाठ फिरवली.

"मले कागद कायले पाह्यजे वं? पोट्ट्याच्या तोंडाकडं पाह्यलं का सारं समजते."

"आई, त्याला शास्त्रीय पद्धत असते."

"असन बाप्पा. तुहं शास्त्र तुह्यापाशी."

पण पद्धत लागू झाली! विहंगच्या तोंडून 'ऑ' निघायचा अवकाश, 'न' येईपर्यंत वस्तू हजर. रजत गाडीची किल्ली घेऊन धावतोय, मी रुमाल घेऊन धावतेय. हॉटेलातही एवढी चटपटीत सेवा मिळत नाही. घरी कुणी आलं की सासूबाई शिकवायच्या, "म्हण बाळा, जयभीम!" विहंग दोन्ही हात जोडायचा, मान लववायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "ऑन!" पाहुणे हसायचे. मीही हसायचे.

मग एक दिवस समोरच्या फ्लॅटमधली सोनिका तिच्या दोन वर्षांच्या लेकीला घेऊन आली. त्या चिमुरडीनं वीसपर्यंत आकडे म्हटले, दोन कविता म्हटल्या, माझ्या पडद्यांचा रंग जुना झालाय हेही सांगितलं, आणि जाता जाता विचारलं, "काकू, तुमचा विहंग बोलत का नाही?"

माझं हसू तिथल्या तिथे वाळलं. एप्रिलात दोरीवर टाकलेल्या ओढणीसारखं!

मी मोबाइल उघडून 'अडीच वर्षांचं मूल किती शब्द' असं शोधलं. शोधायला नको होतं. दहा मिनिटांत माझ्या लेकाला मी मनातल्या मनात सहा आजार लावून टाकले. दुसऱ्याच दिवशी आम्ही धंतोलीत, स्पीच थेरपिस्ट मुग्धा मॅडमकडे. मनाला धीर म्हणून तक्ताही गुंडाळी करून नेला होता. न जाणो, मॅडम म्हणतील, वा! एका शब्दाचे सत्तावीस अर्थ! असं मूल आम्ही पाहिलंच नाही!

मॅडमनी विहंगशी अर्धा तास खेळून पाहिलं. ऐकू नीट येतंय, सांगितलेलं समजतंय. मग त्यांनी तक्ता वाचला. सावकाश, सत्ताविसाव्या ओळीपर्यंत. चष्मा काढला.

"मोनाली, हे तुम्ही केलंत?"

"हो," मी लाजून म्हटलं.

"मग विहंगला दुसरा शब्द लागेल कशाला? एका शब्दात याला सगळं मिळतंय. मी याच्या जागी असते तर मीही नसते बोलले!"

रजत खोकला. ते हसणं होतं, मी ओळखलं.

"एक महिना देते," मॅडम म्हणाल्या. "मागायच्या आत हातात देऊ नका. त्याला बोलायला वेळ द्या, त्याच्याशी भरपूर बोला. तो जे जे स्पष्ट बोलेल ते वहीत लिहा. या वयात पन्नास तरी शब्द असायला हवेत, दोन-दोन शब्द जोडायला हवेत. नाहीच झालं, तर पुढच्या तपासण्या करू."

त्या एवढं सगळं बोलल्या. मला फक्त 'तपासण्या' ऐकू आलं.

घरी पोहोचताच मी तक्ता फाडला आणि हुकूम सोडला, "आजपासून 'ऑन' कुणालाही समजणार नाही! वेड पांघरायचं!"

"मले समजते त मी काहून नाही समजत म्हणू?" सासूबाई.

"आई, त्याच्या भल्यासाठी."

"अवं, तो बोलते! माह्याशी बोलते तो!"

सगळ्याच आज्यांना असं वाटतं. त्यांना नातवाच्या ढेकरातही भाषण ऐकू येतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून समजुतीनं म्हटलं, "हो आई."

आता आमचा नाटकाचा प्रयोग सुरू झाला. विहंग हात वर करून म्हणाला, "ऑन." मी म्हटलं, "काय हवं बाळा? कांदा?" आणि कांदा दिला. तो नाकातून म्हणाला, "ऑन." रजतनं हेल्मेट आणून दिलं. विहंगनं आधी कांद्याकडे पाहिलं, मग हेल्मेटाकडे, मग आमच्याकडे. त्या नजरेत केवढी दया होती! जणू आई-बाबांना एकदमच ऊन लागलं असावं.

तिसऱ्या दिवसापर्यंत त्याला हा खेळ वाटू लागला. 'ऑन' म्हणायचं आणि हे दोघं काय आणतात ते पाहायचं! पोळपाट आला की टाळ्या, झाडू आला की लोळून हसणं. रजत इतका रंगात आला की एकदा त्यानं शेजाऱ्यांची कुंडी उचलून आणली. नवा शब्द? शून्य!

आठव्या दिवशी तर त्याहून भयंकर घडलं. विहंगनं 'ऑन' म्हणणंच सोडलं! काही हवं असलं की मुकाट्यानं सासूबाईंच्या लुगड्याचा पदर ओढायचा, त्यांना घेऊन त्यांच्या खोलीत जायचा, आणि दोन मिनिटांनी हातात लाडू, नाक पुसलेलं, चड्डी बदललेली, असा राजासारखा बाहेर यायचा. पन्नास शब्द व्हायचे होते, होता तोही गेला!

"आई, तुम्ही त्याच्या खुणा समजून घेताय," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"खुना नाही वं. आज त्यानं 'पाह्य, चिमनी' म्हटलं. लिहून घे तुह्या वहीत."

"आई, मॅडमनी स्पष्ट शब्द लिहायला सांगितलंय. 'पाहा' म्हणाला की लिहीन मी."

वही कोरीच राहिली. दुपारी बारा ते पाच मी कानाला हेडफोन लावून घरूनच कंपनीचं काम करते. हेडफोन काढला की सासूबाईंच्या खोलीच्या बंद दारामागून गप्पांचा अस्पष्ट आवाज यायचा. मला वाटायचं, भिवापूरच्या बहिणीशी फोन चाललाय. तेवढ्या काळजीतही मनात यायचं, काय ही माणसं रोज दोन-दोन तास बोलतात! आणि इथे माझं लेकरू...

महिना संपायला चार दिवस राहिले आणि सासूबाई वर्षाची मिरची आणायला भिवापूरला निघाल्या. मी मनातून खूश! आता पदर नाही, खोली नाही. मी आणि विहंग, समोरासमोर! जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोट्ट्याले उपाशी नको ठेवजो शास्त्रापायी."

दुपारी पारा चव्वेचाळीसवर. मी सुट्टी टाकली होती. मॅडमनी सांगितलं नव्हतं ते मी ठरवलं, कूलर बंद ठेवायचा. माझ्या मते हाच ब्रह्मास्त्राचा क्षण होता. ज्या कूलरनं पहिला शब्द दिला, तोच दुसरा देणार! पाच मिनिटांत माझा कुर्ता पाठीला चिकटला. अठरा दिवसांच्या मौनानंतर विहंग कूलरसमोर जाऊन उभा राहिला.

"ऑऽऽन."

"काय हवंय बाळा? पोळी?"

"ऑऽऽन!"

"चेंडू देऊ?" घाम माझ्या डोळ्यांत उतरला. मला स्वतःलाच 'ऑन' असं ओरडावंसं वाटत होतं.

विहंगनं माझ्याकडे पाहिलं. डावा हात कमरेवर ठेवला, उजव्या हाताची पाची बोटं माझ्यासमोर नाचवली, हुबेहूब जयवंताबाई! आणि म्हणाला,

"काहून समजत नाही वं तुले? कूलर लाव नं!"

मी खालीच बसले. फरशी तापलेली होती, तरी बसले. मग उठून कूलर लावला, विहंगचे मुके घेतले, परत बसले आणि भोकाड पसरून रडले. त्यानं माझ्या गालाला हात लावून म्हटलं, "रडू नको. आजी येते मिरच्या घेऊन."

मी भिवापूरला फोन लावला. "आई! आई, विहंग बोलला! अख्खं वाक्य! दोन-तीन वाक्यं!"

पलीकडे मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसल्यासारख्या दोन शिंका झाल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "मंग? तो त संक्रांतीपासून बोलते माह्याशी! दुपारी आमच्या गोष्टी नाही का चालत? तुले दहादा सांगतलं."

"मला वाटलं तुम्ही बहिणीशी फोनवर..."

"भयीन कायले बोलते रोज रोज? भांडन झालं आमचं दिवाळीत! आता मिटलं."

"पण आई, मग तो आमच्याशी का नाही बोलला? माझ्याशी 'ऑन'च का?"

"म्याही त्याले हेच इचारलं होतं." हसू दाबत होत्या बहुतेक. "त्यानं सांगतलं, मम्मीले तेवढंच येते."

हे तुम्हाला सांगताना मला बरं वाटतंय असं नाही. पण विचार केल्यावर पटलं. त्या पोराच्या बाजूनं पाहा ना! मी वर्षभर कागद हातात धरून त्याच्या एका शब्दाची नोंद घेत होते, टाळ्या पिटत होते, दुसरं काही कानावर पडलं तर 'स्पष्ट नाही' म्हणून सोडून देत होते. त्याला वाटलं, या बाईची भाषा 'ऑन' आहे. सांभाळून घेतलं त्यानं मला! परदेशी पाहुणीला घेतात तसं.

चार दिवसांनी मुग्धा मॅडमसमोर वही उघडली. एकशे तेरा शब्द. पहिला 'काहून'. मॅडमनी वही मिटली, विहंगच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तपासण्या नकोत. आता महिन्याभरानं विहंगला नाही आणलंत तरी चालेल, आजींना मात्र आणा. मला भेटायचंय."

सासूबाई आदल्या दिवशीच भिवापूरहून परतल्या होत्या आणि खाली, दवाखान्याच्या दाराशी स्टुलावर बसलेल्याच होत्या. त्यांनी मॅडमसाठी पावभर भिवापुरी मिरची आणली होती.

आता विहंगचं तोंड सकाळी सहाला सुरू होतं ते रात्री झोपेतही बडबडतं. मी त्याला रोज अर्धा तास समोर बसवून माझ्या एम.ए.च्या थाटात शुद्ध भाषेचं महत्त्व समजावून सांगते. फळ मिळालंय, नाही असं नाही. कालच त्याला आयुष्यातला दुसरा इंग्रजी शब्द आला: 'ऑफ'.

हा मात्र सोपा आहे, तक्ता लागत नाही. अर्थ एकच. मी बोलायला लागले की तो माझ्या नाकावर बोट ठेवतो, कट्टकन दाबतो आणि म्हणतो, "ऑफ!"