सोळा भोकं आणि दोन व्याही

“अचूकपणा माझ्या हाडात आहे!” लॉर्न हॅस्केट येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. चौतीस वर्षं त्यानं विंडसरमध्ये औषधाचं दुकान चालवलं होतं. डॉक्टरांचं जे अक्षर खुद्द डॉक्टरांना लागत नसे, ते त्याला लागायचं! निवृत्त झाल्यावर त्यानं तळघरात उभं ड्रिल मशीन आणून बसवलं, तेव्हा बायको नोरीन एवढंच म्हणाली, “हाडाचं राहू दे, बोटं सांभाळ!”

जूनमध्ये मुलीचं, ग्वेनचं, लग्न मागच्या अंगणात ठरलं. लेकीच्या हातात हात घालून कमानीपर्यंत चालत जायचं, याची लॉर्न ती जन्मल्यापासून वाट बघत होता. बाकी लग्नात काय शिजतंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. पण कमान करणार होते व्याही. नदीपलीकडच्या, म्हणजे दुसऱ्या देशातल्या हॅमट्रॅमकचा वॉल्ट याब्लोन्स्की चाळीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात हत्यारं बनवत आलेला, आणि लॉर्नला तोंडावर ‘गोळ्या मोजणारे’ म्हणायचा! लॉर्नकडे फक्त खालच्या दोन जाड लोखंडी पट्ट्या आल्या. प्रत्येकीला आठ भोकं. कमानीचे दोन पाय त्यांवर बोल्टनं आवळायचे.

“साताचं भोक पाडा,” वॉल्ट फोनवर म्हणाला, “आणि आत पाव इंची आटे. जमेल ना व्याही, की मीच घेऊ करून?”

“न जमायला काय झालं? सात म्हणजे सात!”

इथेच घात झाला. वॉल्टकडच्या ड्रिलांना नंबर असतात, आणि गंमत म्हणजे नंबर चढत गेला की ड्रिल बारीक होत जातं. त्याचं सात नंबर म्हणजे पाच मिलिमीटरच्या आसपास; लॉर्नच्या देशात मात्र सात म्हणजे सात मिलिमीटर. पाव इंच म्हणजे सुमारे सव्वासहा मिलिमीटर, हा हिशेबही त्यानं केला, पण सोळा भोकं पाडून झाल्यावर! आटे पाडायचा टॅप त्यानं पहिल्या भोकात धरला, तो कुठेही न शिवता खाली गेला आणि थेट बुटावर पडला.

लॉर्न पट्टी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात धावला.

“त्यात काय एवढं?” दुकानदार म्हणाला. “आठ मिलिमीटरचे आटे पाडा, आठचा बोल्ट लावा. मस्त बसेल!”

आणि बसला की! फक्त हा जाडा बोल्ट वॉल्टनं केलेल्या कमानीच्या पायांतल्या भोकांतून जाणार नव्हता. आता चूक कबूल करायची, तीही गोळ्या मोजणारे म्हणणाऱ्यापुढे? छे! लॉर्ननं आवाजात जरब आणून फोन लावला.

“व्याही, तुमच्याकडे नऊचं भोक लागेल.”

“नऊचं?” वॉल्ट गडबडला. “अहो, माझी पाडून झाली!”

“मग घ्या की थोडं काम वाढवून!”

“थोडं? पाडलेलं भोक...” वॉल्ट थांबला. “अगदी नऊच?”

“नऊ म्हणजे नऊ!”

नऊ नंबरचं ड्रिल वॉल्टच्या भोकांतून आधीच आरपार जात होतं. पाडलेलं भोक लहान करायचं यंत्र अजून निघालेलं नाही. लॉर्ननं आणखी बारीक बोल्ट घेतले असणार असं समजून त्यानं कमानीचे तळ कापले, नवे बनवले, त्यांना नऊ नंबरची बारीक भोकं पाडली आणि पुन्हा वेल्डिंग केलं. वर बायकोला म्हणाला, “माणूस भलताच नाजूक काम करतो गं! मी उगाच हसत होतो.”

शनिवारी, लग्नाच्या दिवशी, गुलाबांनी मढवलेली कमान पुलावरून यायला निघाली. हे नक्की काय आहे, हे कस्टमवाल्याला समजावण्यात पाऊण तास गेला. कमान अंगणात पोचली तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर बसले होते आणि व्हायोलिनवाला तीच धून चौथ्यांदा वाजवत होता.

लॉर्ननं बोल्ट भोकावर ठेवला. तो वरच बसून राहिला!

“हा काय खांब आणलात?” वॉल्ट ओरडला.

“नऊ सांगितलं होतं मी!”

“नऊच पाडलंय!”

सोडलं की कमान वाऱ्यानं कलंडत होती. दोघांनी एकेक पाय धरला. तेवढ्यात घराच्या दारात ग्वेन येऊन उभी राहिली आणि वडिलांना शोधू लागली. लॉर्नला हात सोडता येईना. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

वॉल्टनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग मध्ये सरकून त्यानं दोन्ही हात फाकवले आणि कमानीचे दोन्ही पाय धरले.

“जा व्याही. लवकर या!”

लॉर्न गेला. लेकीला हाताशी धरून सावकाश चालत आला. नवरा-नवरी वॉल्टच्या पुढ्यात उभी राहिली. लॉर्न बाजूला सरकून हळूच पुटपुटला, “नऊ मिलिमीटर सांगितलं होतं मी.”

पास्टर म्हणाले, “या विवाहाला कोणाची हरकत असेल, तर आत्ताच बोला.”

वॉल्टच्या डोक्यात आकडे अजून फिरतच होते.

“मिलिमीटर?!” वॉल्ट गरजला.

शंभर माना वळल्या. पास्टरनी पुस्तक मिटलं. “ही हरकत समजायची का?”

“नाही, नाही!” लॉर्न घाईनं म्हणाला. “चूक माझी आहे. तुम्ही पुढचं वाचा, व्याह्यांचे हात भरून आलेत.”