चुलीला मूठभर

पडवीत हुग्गीचं भांडं चढवून थोडाच वेळ झाला होता, आणि जाळ भांड्याच्या गळ्यापर्यंत आला. रक्षाने पळत येऊन शेगडीचं बटण खाली केलं.

शेगडी तिनेच आणली होती. गुंजीजवळच्या त्या घरात आजवर लाकडांची चूलच पेटायची. बेळगावात बी.एस्सी. करून आलेल्या रक्षाला आईचे धुराने लाल झालेले डोळे बघवेनात. खानापूरच्या एका गिरणीत लाकडाचा भुसा दाबून बोटाएवढ्या गोळ्या करतात, त्यावर चालणारी ही शेगडी. गोळ्या एकदाच भरायच्या, वरून पेटवायच्या आणि बटण फिरवून खालच्या पंख्याचा वारा कमी-जास्त करायचा. एवढंच.

आज्जीने, म्हणजे बायाक्काने, अट घातली होती. "मळणीच्या जेवणाची हुग्गी हिच्यावर शिजली तर ऱ्हाईल घरात. करपली तर गोठ्यात. म्हशीचं पाणी तापवाय बरी हाय."

भाताच्या मळणीला राबलेली सगळी भावकी आज जेवायला होती. आणि हुग्गी म्हणजे गुळातली गव्हाची खीर, मंद जाळाचं काम; जरा घाई केली की गहू बुडाला धरतो.

वारा कमी केल्यावर थोडा धूर निघाला. रक्षा गूळ चिरायला आत गेली आणि बाहेर आली तर जाळ पुन्हा वर.

"बटण कुणी फिरवलं?"

"मी न्हाय गं," आई म्हणाली.

"मला त्ये बटण कुठं हाय त्येच ठावं न्हाय," आप्पा म्हणाले.

दोघंही खरं बोलत होती. रक्षाने विचार केला, कुठून तरी जास्तीची हवा आत शिरत असणार. तिने वारा आणखी कमी केला, अंगणातली माती भिजवून आणली आणि शेगडीच्या फटी लिंपल्या. धूर वाढला. हात धुऊन परत येते तो जाळ छपराकडे बघायला लागलेला.

शेजारचे भरमाकाका पंगतीच्या आधीच येऊन बसले होते. "रक्षा, ही शेगडी दारू पिऊन आलीया बघ. बाहेर घाल तिला, उतरंल."

शेवटी आप्पांनी आणि काकांनी गोणपाटं धरून भांडं खाली उतरवलं. आज्जीने पळी बुडापर्यंत घातली. गहू धरला होता, पण करपला नव्हता.

"जोतिबा," ती लेकाला, म्हणजे आप्पांना, म्हणाली, "गोठ्यात जागा करून ठेव रं."

रक्षाचं तोंड एवढंसं झालं. पण कॉलेजात एक गोष्ट तिच्या अंगात भिनली होती : काही कळेना झालं की काही करू नये, नुसतं बघावं. भांडं पुन्हा चढवून ती मुकाट्याने माजघराच्या दाराआड उभी राहिली.

आज्जी केळीची पानं घेऊन आली. धूर दिसला. चालता चालता तिने शेजारच्या पोत्यातल्या मूठभर गोळ्या भांड्याखालून शेगडीत टाकल्या आणि पुढे गेली. मागून आई आली, तिनेही मूठभर. आप्पा तंबाखू मळत आले, एका हाताने तंबाखू सांभाळून दुसऱ्या हाताने मूठभर. भरमाकाकांनी परकं घर म्हणून जरा इकडेतिकडे बघितलं, आणि दोन मुठी.

रक्षा बाहेर आली. "आज्जी, गोळ्या कशाला घातल्यास?"

"कुठं घातल्या?"

"मी बघितलं की आत्ता."

"आगं, त्ये घालणं व्हय? भांडं चढलेल्या चुलीम्होरनं रिकाम्या हातानं कोण जातंय? जाता जाता दिलं जरासं."

"धूर दिसला," आप्पा म्हणाले. "म्हटलं, इझाय लागली."

रक्षाला आता उलगडलं. जाळ वाढला की ती वारा कमी करायची. वारा कमी झाला की धूर. धूर दिसला की घरदार मूठभर घालायचं. मूठभर पडलं की जाळ. चक्र सगळे मिळून फिरवत होते, पण सगळ्यात जोर लावून तीच.

तिने गोळ्यांचं पोतं ओढत कोपऱ्यात नेलं आणि त्यावर ठाण मांडलं.

हळूहळू जाळ बसला. हुग्गी बुडबुड करायला लागली. गूळ पडला, खोबरं पडलं, वास अंगणभर पसरला. घरातली मंडळी मात्र आजारी पाव्हण्याभोवती बसावी तशी शेगडीभोवती बसली होती. कुणाला हाताचं काय करावं कळेना.

"उपाशी हाय बिचारी," भरमाकाका म्हणाले.

"काका, तिचं पोट सकाळीच भरलंय."

पानं मांडायची वेळ झाली तशी सगळी उठून गेली. शेगडीत आता नुसते लालभडक निखारे उरले होते. रक्षाने मनात हिशेब केला. हुग्गी आळून यायला एवढी धग पुष्कळ होती. अगदी पुष्कळ. तिने निखाऱ्यांकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. मग पोत्यावरून उठली, आजूबाजूला कुणी नाही असं बघून मूठभर गोळ्या काढल्या आणि शेगडीत सोडल्या.

वळली तर दारात आज्जी, हातात पळी.

पुढे येऊन तिने हुग्गी ढवळली, तळहातावर घेऊन चाखली, आणखी थोडी घेऊन चाखली. तेवढ्यात आप्पा अंगणातून आले.

"आई, गोठ्यात जागा केलीया."

"रेडकू बांध तिथं," आज्जी म्हणाली. "शेगडी ऱ्हाऊ दे घरात. पोरगीला चूल कळाय लागलीया."